बाटली क्रमांक ५३-एन : परळच्या हाफकिनमधली एक दुपार

(वरोऱ्यातल्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी झालेल्या गप्पांचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्नही आहेत.)



आधी एक कबुली देते. मला इथे 'सॉफ्टवेअरमधल्या करिअरच्या संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर मी शेवटी दहा मिनिटं बोलेन, काळजी करू नका. पण त्याआधी एका प्रयोगशाळेची गोष्ट सांगायची आहे. मी तिथे गेले, फोटो काढले आणि परत आले, एवढ्यावर ती संपली असती तर सांगितली नसती.

तुमच्यापैकी किती जणांनी 'हाफकिन' हे नाव ऐकलंय? हात वर करा. ... बरेच आहेत. कुठे ऐकलं? हो, पोलिओच्या डोसाला. आणखी? बरोबर, साप चावल्यावरच्या इंजेक्शनला.

मीही तिथेच ऐकलं होतं. मी सातवी-आठवीत असेन. आमच्या शेतावर सोयाबीन काढताना एका मजुराच्या पायाला घोणस चावली. बाबांनी त्याला गाडीवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. तो वाचला. त्यानंतर कितीतरी दिवस घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा सांगायचे, "हाफकिनचं इंजेक्शन होतं म्हणून बरं झालं." मला वाटायचं, हाफकिन हे औषधाचंच नाव आहे. क्रोसिन असतं तसं. ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस एकशे तीस वर्षांपूर्वी मुंबईत काम करत होता, हे कळायला मला सत्तावीस वर्षं लागली.

आता मी तिथे पोचले कशी? मामांचं टाटाला दाखवायचं होतं. आपल्याकडून टाटाला जाणं म्हणजे काय, हे या खोलीत बऱ्याच जणांना सांगायची गरज नाही. वर्ध्याहून रात्रीची गाडी, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा, सकाळी फाइल घेऊन रांग. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होते. मामा धर्मशाळेत आराम करणार होते आणि माझ्याकडे एक दुपार मोकळी होती. टाटापासून पाच-दहा मिनिटं चाललं की आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था लागते. मी आधी फोन करून परवानगी विचारून ठेवली होती. हे मुद्दाम सांगते, कारण ती आजही काम करणारी संशोधन संस्था आहे. मनात आलं आणि शिरलो, असं करू नका.

फाटकातून आत गेलं की आधी झाडं दिसतात आणि मग एक प्रचंड जुनी इमारत. परळच्या गर्दीत हे एवढं मोठं काहीतरी असेल असं रस्त्यावरून वाटतच नाही. मुळात तो पोर्तुगीज काळातला पाद्र्यांचा मठ. पुढे इंग्रजांनी तो घेतला आणि मुंबईच्या गव्हर्नरचं निवासस्थान केलं. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी याच घरात कॉलऱ्याने गेली. त्यानंतर गव्हर्नर मलबार हिलला राहायला गेले. जिथे मेजवान्या झडायच्या, नाच व्हायचे, ते घर ओस पडलं. १८९९ च्या ऑगस्टमध्ये तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली आणि तिचा प्रमुख होता वाल्डेमार हाफकिन.

हा माणूस कोण? १८६० साली ओडेसात जन्मलेला ज्यू. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. विद्यार्थी असताना चळवळीत पडला, तुरुंगात गेला. ज्यू असल्यामुळे तिथे प्राध्यापकी मिळणं शक्य नव्हतं. म्हणून पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि नोकरी कसली मिळाली? ग्रंथालयात. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग. १८९२ साली त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला आला, कारण कॉलरा तिथे होता.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत, मांडवी भागात, डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांना प्लेगचा रोगी सापडला. पुढचं तुम्ही इतिहासात वाचलंय. लोक मुंबई सोडून पळाले. पुण्यात घराघरांत सोजिर शिरले, रँडचा खून झाला, चापेकर बंधू फासावर गेले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या, तारीख होती १० मार्च १८९७. आपल्या पुस्तकात हे सगळं आहे. पण त्याच महिन्यांत त्याच मुंबईत एक माणूस लस बनवत होता, हे आपल्या पुस्तकात एका ओळीतही नसतं. निदान माझ्या तरी नव्हतं.

सरकारने हाफकिनला कलकत्त्याहून बोलावून घेतलं. त्याला जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजात. आता जे. जे. रुग्णालयाचं आवार आहे ना, तिथे. एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि काही शिपाई. एवढ्यावर ऑक्टोबरमध्ये काम सुरू केलं.

आता मला इंजिनियर म्हणून जे सगळ्यात आवडलं ते सांगते. लस बनवायची तर प्लेगचे जंतू भरपूर वाढवायला हवेत. हाफकिनने मांसाचं पातळ सूप घेतलं. ते गाईचं किंवा डुकराचं असलं तर इथले लोक टोचून घेणार नाहीत, हे त्याला कळत होतं, म्हणून बोकडाचं घेतलं. आणि त्या सुपावर थेंब सोडले तुपाचे! आपलं साधं तूप. थेंब वर तरंगतात, जंतू त्या थेंबाच्या खालच्या बाजूला चिकटतात आणि तिथून झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात. भांडं हलवलं की ते गळून तळाशी बसतात आणि तुपाखाली नवं पीक येतं. असं काही आठवडे चालवायचं. मग ते सगळं ६५ अंशांवर तासभर तापवायचं, म्हणजे जंतू मरतात. वरून थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं, म्हणजे पुढे दुसरं काही त्यात वाढत नाही. झाली लस.

१० जानेवारी १८९७ ला त्याने ही लस स्वतःला टोचून घेतली. १० घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना जेवढी दिली त्याच्या कितीतरी पट. ताप आला, दुखलं, पण तो उठला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथे तयार झालेल्या कैद्यांना टोचलं, बाकीच्यांना नाही, आणि फरक स्पष्ट दिसला. कैद्याच्या तयारीला किती 'तयारी' म्हणायचं, हा प्रश्न मला पडला. आज तसं करता येणार नाही. पण त्यानंतर लसीची मागणी वाढत गेली. तरुण आगाखानांनी स्वतः टोचून घेतलं आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले.

आता स्वतःला टोचून घेतलं म्हटल्यावर वरोऱ्याच्या माणसाला कोण आठवतं? बरोबर. बाबा. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हते. कलकत्त्याला शिकायला गेले असताना बाबा आमट्यांनी स्वतःच्या शरीरात ते टोचून घ्यायची तयारी दाखवली आणि टोचून घेतले. रोग झाला नाही, प्रयोग पुढे गेला नाही. आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो. आनंदवन इथून हाकेच्या अंतरावर आहे, पाहुणे आले की आपणच त्यांना तिथे नेतो आणि ही गोष्ट सांगतो.

तर मी संग्रहालयात उभी होते. काचेची कपाटं, जुनी उपकरणं, फोटो, सापांची माहिती. हाफकिनचा फोटो बघताना माझ्या मनात बाबा होते आणि मी खूश होते. आता इथल्या मुलांना सांगायला छान गोष्ट मिळाली, असं वाटत होतं. अमेरिकेत न्यू जर्सीला एडिसनची प्रयोगशाळा जपून ठेवली आहे, टेबल, पुस्तकं, बाटल्यांसकट. मेन्लो पार्कची तर हेन्री फोर्डने उचलून मिशिगनला नेऊन पुन्हा उभी केली. आपल्याकडे तसं नाही. इथे शंभर वर्षांपूर्वीच्या भिंतींच्या आत आजही माणसं काम करतात, कुणीतरी डबा घेऊन जिना चढत असतं. मला ते जास्त आवडलं.

मग मी व्हरांड्यात बसले आणि मोबाइलवर हाफकिनबद्दल पुढचं वाचायला लागले. एवढा मोठा माणूस, तर पुढे काय झालं, एवढ्याच उत्सुकतेने. आणि तिथे मला मुल्कोवाल हे गाव भेटलं.

१९०२ साली पंजाबात प्लेग जोरात होता. लाखोंना लस द्यायची होती. एवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत तयार होईना, म्हणून हाफकिनने पद्धत बदलली. त्यात एक बदल असा की कार्बोलिक आम्ल घालणं बंद केलं आणि निर्जंतुक करण्यासाठी उष्णतेवर भर दिला. हे बेजबाबदार नव्हतं. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तसं करत होते.

३० ऑक्टोबर १९०२ ला मुल्कोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली. पाच बाटल्या वापरल्या. आठवडाभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. सगळे, १९ च्या १९, मेले. आणि सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिलेली होती. बाटली क्रमांक ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतून ज्यांना दिली, त्या ८८ जणांना काही झालं नाही.

तुम्ही चौकशी समितीवर आहात असं समजा. काय म्हणाल? बाटली मुंबईहून आली. मुंबईत नुकतीच पद्धत बदलली. जो पदार्थ जंतू वाढू देत नाही, तोच काढून टाकला. म्हणजे चूक कुणाची? समितीनेही तेच म्हटलं. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष होते, सोबत दोन वैद्यकीय अधिकारी. निष्कर्ष असा की दूषितपणा बाटली मुल्कोवालला उघडण्याआधीच आत गेला होता. हाफकिनला प्रमुखपदावरून दूर केलं, आणि १९०४ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. हाच माणूस, ज्याने दोन-दोन लसी स्वतःवर तपासल्या होत्या.

पण समितीसमोर आणखीही काही गोष्टी होत्या. त्या दिवशी बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्यानेच बूच ओढलं. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत, शेणात. तसल्या बुचकळण्याने ते मरत नाहीत. दुसरं, टोचणाऱ्या डॉक्टरला बाटली उघडल्यावर वास घ्यायची सवय होती आणि त्याला घाण वास आला नव्हता. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. एवढे दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर नाकपुड्या झोंबल्या असत्या. तिसरं, आत एवढं विष साठलेलं असतं तर माणसं फार लवकर आजारी पडली असती. त्यांना जेवढे दिवस लागले, तेवढे ताजे जंतू जखमेत शिरल्यावर लागतात.

म्हणजे सगळा पुरावा सांगत होता की जंतू मुल्कोवालच्या मातीतले आहेत. पण समितीची नजर मुंबईच्या बदलाला चिकटली होती. ताजा बदल दिसला आणि शोध थांबला.

हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. का, ते सांगते. हे मी आजवर कुठे बोलले नाही.

मी ज्या कंपनीत आहे, तिचं नाव राहू द्या, तिथे आमची टीम एका ग्राहकासाठी हप्ते कापण्याची यंत्रणा सांभाळते. रोज रात्री एक जॉब चालतो. लोकांच्या खात्यातून कर्जाचा हप्ता जातो. एका सकाळी कळलं की काही शे लोकांचा हप्ता दोनदा कापला गेलाय. आकडा स्क्रीनवर छोटा दिसतो. पण ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला थोडेच पैसे आहेत आणि त्यातून हप्ता दोनदा गेला, त्याच्यासाठी तो छोटा नाही. आपल्याकडच्या घरांत हे काय असतं, मला माहितीय.

रात्रपाळीला आमच्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा होता. नोकरी लागून आठ महिने झालेले, आपल्यासारख्याच छोट्या गावचा. जॉबचा एक गट 'फेल' दिसला म्हणून त्याने तो पुन्हा चालवला. पुन्हा चालवला म्हणून दोनदा कापला गेला. सरळ आहे ना? अशा वेळी आमच्याकडे एक अहवाल लिहावा लागतो, आरसीए म्हणतात, मूळ कारण शोधण्याचा. तो मी लिहिला. मूळ कारण या रकान्यात मी लिहिलं, 'ऑपरेटरने खात्री न करता जॉब पुन्हा चालवला.' उपाय या रकान्यात लिहिलं, 'संबंधिताला समज दिली, प्रशिक्षण दिलं जाईल.' दीड पानात काम झालं. ग्राहक शांत, वरिष्ठ शांत.

तो मुलगा मीटिंगमध्ये एवढंच म्हणाला, "मॅडम, सूचनांच्या कागदात लिहिलंय ना, फेल दिसलं तर पुन्हा चालवा?" मी म्हटलं, "डोकं पण वापरायचं असतं." त्यानंतर तो काही बोलला नाही. तीन महिन्यांनी नोकरी सोडून गेला.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी दुसऱ्याच कामासाठी जुना कोड उघडला. तिथे दिसलं की त्या घटनेच्या तीन आठवडे आधी कुणीतरी टाइमआउट कमी केला होता. म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची, ती मर्यादा. मोठ्या गटाला जास्त वेळ लागायचा, मर्यादा संपायची आणि काम झालेलं असूनही यंत्रणा 'फेल' दाखवायची. गट फेल झालाच नव्हता. पैसे पहिल्यांदाच व्यवस्थित कापले गेले होते. तो मुलगा कागदात लिहिलं होतं तसंच वागला. आणि टाइमआउट कमी करणाऱ्याचं नाव त्या ओळीसमोर होतं. माझं.

त्या रात्री असे बरेच गट चालले होते, फक्त एकच फेल दिसला. 'हाच का?' हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. विचारला असता तर अर्ध्या तासात उत्तर मिळालं असतं. तो गट सगळ्यात मोठा होता, एवढंच.

मी काय केलं? टाइमआउट दुरुस्त केला. सोबतच्या नोंदीत लिहिलं, 'टाइमआउटची किंमत सुधारली.' आणि लॅपटॉप बंद केला. अहवाल तसाच राहिला. त्यात त्याची चूक तशीच राहिली.

म्हणून परळच्या त्या व्हरांड्यात मला बरं वाटेनासं झालं. इतका वेळ मी स्वतःला हाफकिनच्या जागी बघत होते. शोध लावणारा, पुढे जाणारा, अन्याय सोसणारा. आपण गोष्ट ऐकताना नेहमी चांगल्या माणसाच्या खुर्चीत बसतो. आणि मला कळलं की माझी खुर्ची त्या चौकशी समितीची आहे. समितीने ताजा बदल पकडला आणि बाटली उघडणारा हात सोडला. मी उलट केलं. शेवटचा हात पकडला आणि ताजा बदल सोडला, कारण तो बदल माझा होता. पण दोघांनी केलं एकच. समोर जे आधी दिसलं आणि जे सोयीचं होतं, तिथे शोध थांबवला.

हाफकिनचं पुढे काय झालं ते सांगते. तो गप्प बसला नाही. कागदपत्रं गोळा करत राहिला. सरकारने चौकशीचे सगळे कागद प्रसिद्ध करायला १९०६ उजाडलं. मग इंग्लंडातले शास्त्रज्ञ उठले. मलेरिया डासांमुळे होतो हे सिद्ध करणारा रोनाल्ड रॉस त्यात पुढे होता. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंतांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं की या माणसावरचा आरोप टिकत नाही. काही जण या सगळ्याला 'छोटं ड्रेफ्युस प्रकरण' म्हणतात. फ्रान्समध्ये ड्रेफ्युस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवलं होतं, त्यावरून. हाफकिन निर्दोष ठरला. परत आला, पण मुंबईला नाही. परळची ही जागा त्याला पुन्हा मिळाली नाही. कलकत्त्यात काही वर्षं काम करून तो निवृत्त झाला. १९२५ साली परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं तेव्हा तो हयात होता. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारला.

संध्याकाळी धर्मशाळेत परतले. मामांनी विचारलं, "कुठी गेली होती वं दिवसभर?" मी म्हटलं, हाफकिनमध्ये. मामा म्हणाले, "ते सापाचं इंजेक्शन? तिथी काय पाह्यचं असते?" मी म्हटलं, "मामा, मी एका पोराचं नुकसान केलंय." मामांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ज्या माणसाचे रिपोर्ट यायचे आहेत, त्याच्यापुढे मी आपलं रडगाणं गात होते, हे नंतर लक्षात आलं. मामा एवढंच म्हणाले, "त्याचा फोन नंबर हाय ना तुह्याकडे? मंग?"

मी दादरच्या त्या गॅलरीतून फोन लावला. त्याने उचलला. मी जे झालं ते सरळ सांगितलं, टाइमआउट कुणी बदलला तेही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, मी तेव्हा घरी सांगितलं होतं की माझ्यामुळे लोकांचे पैसे गेले. आई अजून अधूनमधून विचारते, तिथे काही कटकट नाही ना म्हणून." त्याने मला 'इट्स ओके' म्हटलं नाही. म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. खरं सांगू, थोडी होती.

सोमवारी मी अहवाल दुरुस्त करून पाठवला. मूळ कारणात टाइमआउट, माझं नाव, आणि सूचनांच्या कागदातली ती ओळ. वरिष्ठ म्हणाले, जुनं झालंय, आता कशाला उकरायचं? मी म्हटलं, रेकॉर्डला राहू द्या. राहिलं. बाकी काही आकाश कोसळलं नाही. आता आमचा जॉब दोनदा चालवला तरी हप्ता एकदाच कापला जातो. ती सोय आम्ही आधीच करायला हवी होती.

तुमच्यापैकी काही जण उद्या आयटीत जाल, काही तलाठी व्हाल, काही पोलिसात, काही आरोग्य खात्यात. सगळीकडे अहवाल लिहावे लागतात. 'चूक कुणाची' हा रकाना सगळीकडे असतो. तो भरायच्या आधी हातातला पेन एकदा खाली ठेवा आणि विचारा, बाकीच्या चार बाटल्यांचं काय झालं? हीच बाटली का? आणि उत्तर शोधताना आपलं स्वतःचं नाव येत असेल, तर तिथून वळू नका.

आता प्रश्न घेऊ, मग करिअरच्या संधी.

श्रोता : ताई, मग चूक त्या चिमटावाल्याचीच होती ना शेवटी?

हा चांगला प्रश्न आहे. मीही आधी तसंच म्हणून मोकळी झाले होते. त्याचं नाव कागदांत आहे, नरिंदर सिंग. इतिहासात तो फक्त चिमटा पाडणारा म्हणून उरलाय. पण बघा, शंभराहून जास्त लोक, उघड्यावरची जागा, साथीची घाई. अशा ठिकाणी चिमटा पडणारच. आज नाही तर उद्या, याच्या नाही तर त्याच्या हातून. जुन्या पद्धतीत लसीत कार्बोलिक होतं. ते असतं तर माणसं वाचली असती का, यावर तेव्हा दोन्ही बाजूंनी भांडण झालं, मी त्यात निकाल देऊ शकत नाही. पण पडलेल्या चिमट्याचं काय करायचं आणि का करायचं, हे त्या मदतनिसाला कुणी नीट समजावलं होतं का? एका बाटलीतून एवढ्या लोकांना टोचायची वेळ येऊ नये अशी काही सोय करता आली असती का? हाफकिन सुटला याचा मला आनंद आहे. पण एकाला सोडवायला दुसऱ्याच्या नावावर टाकलं आणि फाइल बंद केली, तर आपण माझ्या पहिल्या अहवालापाशीच परत येतो.

श्रोती : आणि मामा कसे आहेत?

बरे आहेत. दर सहा महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. पुढच्या खेपेला म्हणाले, मलाही ने, बघू दे ते सापवालं. परवानगी काढून ठेवलीय.

चला, आता पगाराचं बोलू.